साहेबाची लदीन

अर्नाळ्याचा कोळी आणि समुद्राला भितो, म्हटलं की लोक आधी हसतात. हसा बापडे! सॅन्टनला सगळं गाव हसलं, बायको हसली, खुद्द बाप हसला. पण याच सॅन्टननं पुढं नाटकात गोऱ्या साहेबाचं काम करून गावोगावच्या तंबूंत भल्याभल्यांची बोबडी वळवली. त्या वेळी तंबूत सगळ्यांत जास्त घाबरलेला माणूस तो स्वतःच असायचा, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं ते एकदाच, आणि नेमकं जिथं येऊ नये तिथं.

समुद्राचं भय लहानपणीचं. बाप ॲन्सेल्म त्याला पहिल्यांदा बोटीवर घेऊन गेला आणि किल्ल्याच्या पलीकडं वारा फिरला. बोट अशी कलंडली की पाणी मांडीपर्यंत आलं. बाप शिडाशी झटत ओरडला, "रडतो कशाला? लदीन म्हन!" पोरानं डोळे मिटून लदीन म्हटली. बोट परत आली, माणसं परत आली, पण सॅन्टननं त्यानंतर कधी बोटीत पाय ठेवला नाही.

लदीन म्हणजे मरियामातेच्या नावांची प्रार्थना. मे महिना आला की अर्नाळ्याच्या गल्लीगल्लीत क्रुसापाशी रोज दिवेलागणीला माणसं जमतात. एकानं लॅटिनमधलं एकेक नाव घ्यायचं, बाकीच्यांनी 'ओरा प्रो नोबिस', आमच्यासाठी विनंती कर, असं उत्तर द्यायचं, आणि शेवटी उकडलेले चणे खाऊन घरी जायचं. लॅटिनचा अर्थ विचाराल तर तो पाद्र्याला ठाऊक. कोळणींना पाठ मात्र अशी की मासळी नीट करता करता म्हणतील. आणि एक नेम सगळ्यांचाच: लदीन अर्धी टाकायची नाही. अर्धी टाकली तर कुणाची तरी बोट अर्ध्या वाटेत राहते. मग पाऊस येवो, भांडण पेटो, म्हणणाऱ्याला ठसका लागो, एकदा तोंडातून सुरू झाली की ती शेवटाला नेलीच पाहिजे.

बोटीवर न जाणारा कोळी करणार काय? सॅन्टन दोर वळायचा, जाळी दुरुस्त करायचा आणि बायकोच्या, मेरीच्या, मासळीच्या टोपलीवर जगायचा. लढाईच्या दिवसांत विरारला नाटक कंपनीचा तंबू आला. रात्री वाऱ्यानं तंबू उडायला लागला तेव्हा याच पठ्ठ्यानं धावत जाऊन कोळी गाठी मारून तो जागच्या जागी बसवला. मालक जयरामपंत खूश. म्हणाले, "सॅन्टन, चल आमच्याबरोबर. तुझ्यासारखा दोरवाला पाहिजेच होता." समुद्रापासून लांब जायला मिळतंय म्हटल्यावर सॅन्टननं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

गडी उंच, घारा, गोरापान. पंतांनी त्याला रंगमंचावर उभा करून पाहिला. भालदार केला, पण त्यानं 'कोन आहे रे तिकडे' म्हटलं आणि पुण्याकडचं पब्लिक हसून लोळलं. मग त्याला न बोलणारी कामं दिली. वाघाचे मागचे पाय झाला, पहारेकरी झाला, आणि प्रेत तर असं करायचा की पहिल्या रांगेतल्या बाया पदर डोळ्याला लावायच्या. त्याचं गुपित सांगू? लोकांकडं बघून त्याचे हातपायच गार पडायचे. प्रेताला आणखी काय लागतं!

स्वराज्य आलं आणि नाटकं बदलली. फासावर जाणाऱ्या देशभक्ताच्या खेळाला तंबू तुडुंब भरायला लागले. देशभक्त गंगाराम करायचा, कंपनीचा हिरो. साहेबाचं काम करणारा कंपनीचा कारकून एक दिवस कऱ्हाडला ऐन खेळाच्या वेळी तापानं आडवा झाला. पंतांनी इकडंतिकडं पाहिलं आणि साहेबाची टोपी सॅन्टनच्या डोक्यावर बसवली.

"पंत, मला इंग्रजी येत नाय हो!"

"इथं कुणाला येतंय? काहीतरी गिटपिट कर आणि ओरड. सारखा ओरडत राहा."

पडदा वर गेला. समोर माणसंच माणसं, आणि सगळी त्याच्याकडं बघणारी. सॅन्टनची जीभ टाळ्याला चिकटली. पायाखालची फळी बोटीसारखी हलायला लागली. अन् जे त्या दिवशी बोटीत तोंडातून निघालं होतं तेच निघालं.

"सांक्ता मारिया!" तो किंचाळला. "सांक्ता देई जेनित्रिक्स! मातेर पुरिस्सिमा!"

तंबू चिडीचूप. भीतीनं त्याचे डोळे बाहेर आले होते, मान थरथरत होती. लोकांना वाटलं, काय संतापलाय साहेब! तो 'तुर्रिस दाविदिका' म्हणाला आणि शिपायाचं काम करणारा खरोखरच दोन पावलं मागं सरला. ओळीमागून ओळी म्हणत त्यानं देशभक्ताला फासावर पाठवलं. पंत पडद्याआड त्याच्या गळ्यात पडले. "अरे, काय इंग्रजी तुझं! हे लपवून ठेवलं होतंस?"

त्यानं काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण भित्र्या माणसाला खरं बोलायला मुहूर्त सापडतो का कधी? त्या दिवसापासून साहेब सॅन्टनचा झाला. सातारा, सांगली, चिपळूण, नगर, जिथं तंबू तिथं साहेबाची लदीन. कोरेगावला एका म्हातारीनं चप्पल फेकून मारली. नगरला पोरं दगड घेऊन तंबूमागं थांबली, तर याला बायकांच्या गोधड्यांखाली लपवून बाहेर काढावा लागला. चहावाले चहा देईनात. तो बाजारात दिसला की माणसं थुंकायची. गंगारामला हार, याला शिव्या! पंत म्हणायचे, हीच तुझी बक्षिसं. ही भीती एक झाली.

दुसरी भीती तिच्याहून मोठी होती आणि ती तंबूत नव्हती, वर होती. मरियामातेच्या नावांनी आपण माणसाला फाशी देतो. तिच्या नावांनी शिपायाला लाथा मारतो. हे पाप कसलं, केवढं, याचा विचार आला की त्याला घास गिळवत नसे. कुमसाराला जावं, जाळीपलीकडं बसलेल्या फादरच्या कानात सगळं ओतावं, तर फादर म्हणणार, हे काम सोड. काम सोडलं तर परत ती बोट. म्हणून त्यानं कुमसारच टाळला. आणि कुमसार नाही तर ख्रिस्तप्रसाद नाही. ईस्टरला घरी आला की पोट बिघडल्याचं निमित्त काढून देवळात मागच्या बाकावर बसायचा. मेरीला त्यानं सांगितलं होतं, मी साहेबाच्या पट्टेवाल्याचं काम करतो. विनी, त्याची एकुलती एक लेक, मैत्रिणींना सांगायची, आमचा बाबा कंपनीत पट्टेवाला आहे.

आता ऐका, फास कसा आवळत गेला. चोपन्न सालच्या मे महिन्यात विनीचं लग्न ठरलं. मुलगा आल्बर्ट, पास्कल तांडेलाचा. पास्कल म्हणजे स्वतःच्या बोटीचा तांडेल, छाताड दाराएवढं, आणि क्रुसापाशी लदीन सांगणारा तोच. धर्माच्या बाबतीत असा कडक की शुक्रवारी, मांस वर्ज्य असताना, कुणाच्या चुलीवर मटणाचा वास आला तरी दारात जाऊन उभा राहील. त्यानं एकच अट घातली. "लग्नाच्या मिसाला देवळात तू नि मी, दोघं बाप, पोरांच्या बरोबर ख्रिस्तप्रसाद घ्यायचा. सगळ्या गावासमोर. तू मागच्या बाकावर बसतोस, मी बघतो बरं का." सॅन्टननं मान डोलावली.

आमच्याकडं लग्नाआधी तीन रविवार देवळात नवरानवरीची नावं पुकारतात. कुणाची काही हरकत असेल तर त्यानं तेव्हा बोलायचं. दोन पुकार झाले. तिसरा उद्यावर आला आणि आदल्या शनिवारी, घ्या, कंपनीचा तंबू कुठं लागावा? आगाशीला! अर्नाळ्याहून चालत जावं इतक्या जवळ!

सॅन्टन पंतांच्या हातापाया पडला. "पंत, मला ताप आहे."

पंतांनी कपाळाला हात लावला. "गार आहेस."

"घसा बसलाय."

"मग हे बोलतंय कोण?"

"एवढा एक खेळ मला प्रेत करा हो! प्रेताचं काम मी जीव ओतून करीन!"

पंत वैतागले. "तुझ्या गावचे लोक तुला बघायला येतायत आणि तू प्रेत होतोस? काहीतरीच बडबडतोस!"

शेवटी त्यानं पेटीवाल्या आत्मारामला गाठलं. आत्माराम चार बुकं शिकलेला. त्याच्याकडून त्यानं खरं इंग्रजी पाठ करून घेतलं. शटप. यू फूल. गेट आऊट. हँग हिम. दिवसभर तंबूमागच्या बोरीखाली तो एकटाच भांडत होता, "गेट आऊट, यू फूल," आणि कोंबड्या पळत होत्या. त्याला वाटलं, निभावून नेऊ. चार शब्द तर आहेत.

कोळ्यांना रविवारी पहाटेच्या मिसानंतर लगेच बोटी काढायच्या, म्हणून खेळ दिवेलागणीलाच सुरू करायचा ठरला. आणि त्यातच सगळा घात होता, पण ते सॅन्टनच्या ध्यानात यावं कसं? दिवेलागण म्हणजे मे महिन्यातली लदीनची वेळ. पास्कलनं गल्लीत सांगितलं होतं, आज व्याह्याचं नाटक, लदीन परत आल्यावर म्हणू. सगळी गल्ली, लदीन जिभेवर तशीच ठेवून, आगाशीला तंबूत येऊन बसली होती.

पडद्याच्या फटीतून त्यानं पाहिलं आणि त्याचं धाबं दणाणलं. पहिल्या रांगेत पास्कल. शेजारी त्याची बायको रोझलीन, डोक्यावरून पदर घेऊन. मग मेरी, मग विनी, नवी साडी नेसून बापाला पट्टेवाला झालेला बघायला आलेली. मागं अख्खा अर्नाळा, हिंदू कोळी, क्रिस्ती कोळी, आगाशीचे वाडीवाले. त्यानं स्वतःला बजावलं: शटप, यू फूल, गेट आऊट, हँग हिम. शटप, यू फूल.

गंगाराम गळ्यात फास घालून उभा राहिला. साहेबाच्या एंट्रीचा टोल पडला. सॅन्टन टोपी घालून, छडी घेऊन पुढं आला. विनीनं त्याला ओळखलं आणि तिचं तोंड उघडं पडलं. पास्कल पुढं वाकला.

पहिला शब्द काय होता? गेला. दुसरा? तोही गेला. बोरीखालच्या कोंबड्या आठवल्या, शब्द आठवेना. घामानं टोपी ओली झाली. विंगेतून पंत दबक्या आवाजात ओरडत होते, "बोल की लेका, बोल!" पायाखालची फळी हलली. आणि भीतीनं गळ्याशी आलेलं तोंडातून सुटलंच.

"सांक्ता मारिया!"

झालं. संपलं सगळं. आता पास्कल उठणार, आता लग्न मोडणार, आता उद्याच्या पुकाराला बाप्या माणसासारखा उभा राहून सगळ्या देवळाला सांगणार. सॅन्टनच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

आणि त्या अंधारातून, खणखणीत, रोज क्रुसापाशी ऐकू येतो तोच पास्कलचा आवाज आला.

"ओरा प्रो नोबिस."

पास्कल स्वतःच दचकला. तोंडावर हात ठेवला त्यानं. त्याला बोलायचं नव्हतंच, बोलली ती त्याची सवय. पण त्याच्या पाठोपाठ रोझलीनच्या तोंडून गेलं, मेरीच्या गेलं, मागच्या रांगांतून शेकडो तोंडांतून गेलं. ओरा प्रो नोबिस. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. हिंदू कोळी गोंधळले. कुणीतरी खिदळलं, कुणीतरी त्याला गप्प केलं.

आणि मग सॅन्टनला तो नेम आठवला. लदीन सुरू झाली होती. नुसती त्याच्या तोंडून नाही, गावानं उत्तर दिलं होतं. आता ती अर्धी टाकता येत नव्हती. उद्या मिसानंतर याच माणसांच्या बोटी निघायच्या होत्या. आल्बर्टची निघायची होती. थांबावं तर बोट बुडते, बोलावं तर लग्न बुडतं. त्याला दोन्हीकडून मरणाची भीती वाटली, आणि त्यानं हळूच डोक्यावरची टोपी काढली.

"सांक्ता देई जेनित्रिक्स," तो म्हणाला. ओरडला नाही या वेळी. आवाज निघेचना.

"ओरा प्रो नोबिस," तंबू म्हणाला.

गुडघे केव्हा टेकले ते त्याला कळलं नाही. फासात अडकलेल्या गंगारामसमोर साहेब गुडघ्यांवर होता आणि एकेक नाव घेत होता. स्तेला मातुतिना, पहाटेचा तारा. आजाऱ्यांचं आरोग्य. पाप्यांचा आसरा. लॅटिन काही त्याला येत नव्हती, पण आईनं या शेवटच्या नावाचा अर्थ त्याला लहानपणी सांगितला होता, आणि ते नाव घेताना तो मोठ्यानं रडला. उत्तरं येतच राहिली. गंगाराम फासासकट ताटकळला. पंतांनी पडदा पाडायला दोर धरला आणि हातातच ठेवला. मागच्या रांगेतली मथुरा कोळीण शेजारणीला म्हणाली, "अगो, साहेबाला पश्चात्ताप झाला बघ! मानूसच की तो पन." आणि तिनं हात जोडले. तिचं बघून सगळ्या हिंदू बायांनी जोडले. शेवटच्या आमेनला टाळी पडली नाही. कुणाला सुचलीच नाही.

पडदा पडल्यावर सॅन्टन रंगाच्या पेटीवर बसून राहिला. तोंडाचा पांढरा रंग अश्रूंनी ओघळला होता. कनात बाजूला झाली आणि पास्कल आत आला. सॅन्टन उभा राहिला, कारण मार खायचा तर उभ्यानं खावा.

"किती वर्सं?" पास्कलनं विचारलं.

"सहा."

"रोज?"

"रोज. जत्रेत दोनदा."

पास्कलच्या कपाळाची शीर उडत होती. "हीच? मातेची नावं?"

"मला दुसरं काय येतंय? तोंड उघडलं की तेच येतं, शिपायाला लाथ मारतानापन. पास्कल, मला मार, पन पोरीचं—"

"गप!" पास्कल ओरडला. मग सॅन्टनच्या हातातली ती ओली टोपी बघत राहिला. "सहा वर्सं रोज लदीन म्हटलीस," तो शेवटी म्हणाला, "आनि एकदापन कोनी उत्तर दिलं नाय तुला?"

"कोन देनार?"

"पहाटे मिसाच्या आधी देवळात ये. बोट उशिरा काढतो. कुमसाराला मी येतो बरोबर." आणि जाता जाता वळला. "शिपायाला लाथ कुठल्या नावाला मारायचास?"

"स्तेला मातुतिना."

"मेल्या!" पास्कल म्हणाला आणि बाहेर गेला.

कुमसारात काय झालं हे पाद्री कुणाला सांगत नाही. पण सॅन्टन सगळ्या गावाला सांगायचा, म्हणून ठाऊक आहे. फादरनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते शब्द म्हणताना मनात काय असायचं? राग? चेष्टा?"

"नाय फादर. भीती."

"कुणाची?"

"सगळ्यांची. लोकांची, पंतांची, देवाची. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती भीती."

मग फादर म्हणाले, "मग ती शिवी नव्हती रे. प्रार्थनाच होती, चुकीच्या जागी केलेली." त्यांनी क्षमा दिली आणि प्रायश्चित्त सांगितलं: एक लदीन म्हण. मात्र या वेळी न भिता. सवडीनं केलीस तरी चालेल.

तिसरा पुकार झाला. कुणी हरकत घेतली नाही. लग्नाला दोन्ही बाप पहिल्या रांगेत गुडघे टेकून बसले आणि विनीनं बापाच्या जिभेवर ख्रिस्तप्रसाद ठेवलेला बघितला.

साहेब मात्र संपला. पुढच्या मोसमात सॅन्टननं आत्मारामचं खरं इंग्रजी वापरलं, न चुकता, आणि चिपळूणचं पब्लिक हसलं. हँग हिमला शिट्ट्या पडल्या. पंत डोकं धरून बसले. "अरे, साहेब आहेस की सोंग? पूर्वी कसा अंगावर काटा यायचा!" सॅन्टन काय सांगणार? काटा त्याच्या अंगावरचा होता, लोकांना तो लागत होता. त्यानं टोपी परत केली आणि अर्नाळ्याला येऊन जाळी विणायला बसला. पास्कल समुद्रावर असला की क्रुसापाशी लदीन तो सांगायला लागला.

आणि ते प्रायश्चित्त? ते काही होईना. देवळात प्रयत्न केला, तर फादर ऐकताहेत का याची भीती. घरी केला, तर आपण भितोय का याचीच भीती. विनी चेष्टा करायची, "बाबा, झालं का रे?" आणि तो मान हलवायचा.

मग सत्तावन्नच्या मेमध्ये एका दिवशी वादळ उठलं. पास्कलची बोट दिसेना. बोटीत पास्कल होता, आल्बर्ट होता. दिवेलागणीला सगळी गल्ली क्रुसापाशी जमली. बायांच्या तोंडचं पाणी पळालेलं. विनी कडेवरच्या पोराला घट्ट धरून उभी होती. सॅन्टन पुढं झाला. त्यानं आवाज चढवला, तोच तो साहेबाचा आवाज, आणि वाऱ्याच्या वर नावं घेतली. एकही गाळलं नाही. शेवटच्या नावापर्यंत समुद्राकडं बघत राहिला, ज्याच्याकडं तो कधी बघत नसे.

किल्ल्याच्या बाजूला पास्कलच्या बोटीचं शीड दिसलं तेव्हा लोक किनाऱ्याकडं धावले. विनी बापाजवळ थांबली. तिनं त्याचा हात धरला.

"बाबा, आज तरी झालं का प्रायश्चित्त?"

"नाय गो," सॅन्टन म्हणाला. "आज तर सगळ्यांत जास्त भ्यालो."

"अरे, पन आज तू स्वतःसाठी कुठं भ्यालास?" विनी म्हणाली, आणि त्याला हाताला धरून पाण्यापर्यंत घेऊन गेली.